महिना दहा वेळ्ळि

पाट्टीने तो कागद मुरुक्कूच्या रिकाम्या डब्यातून काढला. वर प्लॅस्टिकची पिशवी, आत जुना रुमाल आणि रुमालात तो. घडीवर घडी पडून मधोमध इतका विरलेला की पलीकडचं टेबल दिसावं. तिने तो टेबलावर पसरला, कोपरे तळहाताने दाबले आणि म्हणाली, "माझ्या आईचा. आमच्या तोट्टमचा."

तोट्टम म्हणजे मळा. तिची आई रबराच्या मळ्यावर झाडं कापणारी मजूर होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या झाडांचा चीक गोळा केलेल्या बाईची मुलगी "आमचा मळा" म्हणत होती. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं, हे समजायला मला बराच काळ लागला, आणि त्यासाठी एका मंत्र्याच्या आयुष्यात शिरावं लागलं.

मी तेव्हा नोकरीसाठी क्वालालंपूरला होतो, ब्रिकफील्ड्समध्ये राहत होतो. खालच्या मजल्यावर पाट्टीच्या मुलाची खानावळ. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी आणि ती सगळ्यांचीच पाट्टी होती. दुपारची केळीच्या पानांची गर्दी ओसरली की गल्ल्यामागच्या खुर्चीत टेकायची. तिचं तुटक इंग्रजी, माझं चार शब्दांचं तमिळ आणि दोघांचं बाजारी मलय यांच्या आधारावर आमच्या गप्पा चालत. एकदा मी सहज विचारलं, या रस्त्याला ज्याचं नाव आहे तो माणूस कोण? रस्ता म्हणजे जालान तुन संबंथन. 'जालान' म्हणजे रस्ता, 'तुन' हा मलेशियातला फार वरचा किताब. त्याच नावाचं मोनोरेलचं स्टेशनही जवळच आहे. रोमन स्पेलिंगवरून मी वर्षभर 'संबंथन' वाचत आलो होतो. पाट्टीने आधी माझा उच्चार सुधारला. "संबंदन, तंबी. संबंदन." मग लख्ख उजेड पडला. तिरुज्ञान संबंधर! सातव्या शतकातला शिर्काळीचा तो बालसंत, ज्याची शिवस्तुतीची पदं आजही तमिळ देवळांत म्हणतात. त्या संताचं नाव या राजकारण्याला ठेवलेलं. आपलाच 'संबंध' शब्द, रोमन लिपीच्या चिखलात रुतून बसलेला. इथून पुढे मी त्यांना संबंधन असंच लिहितो.

वीरास्वामी तिरुज्ञान संबंधन यांचा जन्म १६ जून १९१९चा, पेराक राज्यातल्या सुंगाई सिपुट गावचा. सुंगाई म्हणजे नदी, सिपुट म्हणजे गोगलगाय. वडील वीरास्वामी तमिळ मुलखातून येऊन रबराच्या धंद्यात उभे राहिलेले, स्वतःचा मळा केलेले. म्हणजे मुलगा मजुराच्या घरात जन्मला नाही, मजुरांच्या शेजारी जन्मला. हे मला महत्त्वाचं वाटतं. तो शिकायला गेला क्वालाकांगसारच्या क्लिफर्ड स्कूलमध्ये. त्या गावात १८७७ साली लावलेल्या रबराच्या पहिल्या रोपांपैकी एक झाड अजून उभं आहे. ज्या झाडाच्या वंशाने लाखो तमिळ माणसं समुद्रापलीकडून ओढून आणली, ते झाड ज्या गावात, त्याच गावात हा मुलगा शाळेत जात होता. पुढे पदवीसाठी चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठात. ज्या संताचं नाव लावलं त्याचं शिर्काळी तिथून हाकेच्या अंतरावर. महायुद्धाचा काळ तिथेच गेला आणि काँग्रेसच्या चळवळीचा रंग तिथेच चढला. मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात, परतला तो खादीच्या वातावरणात मुरलेला तरुण.

आता मळा म्हणजे काय ते सांगायला हवं, त्याशिवाय या माणसाचं काम कळणार नाही. दोडामार्गाकडे केरळी लोकांनी लावलेली रबराची बागायत ज्यांनी पाहिली असेल त्यांना थोडी कल्पना येईल. सारख्या अंतरावर, सरळ रांगांत उभी झाडं. वर पानांचं छत, खाली ओल आणि डास. तमिळ मजूर या झाडाला रबर म्हणतच नाहीत. त्यांच्या तोंडी 'पाल मरम', दुधाचं झाड. आणि कामाला शब्द 'मरम वेट्टू', झाड कापणं.

पहाटे अंधारात हजेरी. तिला 'पेराट्टू' म्हणत, इंग्रजी परेडचं तमिळ रूप. डोक्याला दिवा बांधायचा आणि वाटून दिलेल्या रांगांकडे निघायचं. प्रत्येक झाडाच्या सालीवर डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली तिरकी खाच असते. त्या खाचेची अगदी पातळ कातडी, वाकड्या सुरीने सोलायची. सुरी कमी लागली तर चीक येत नाही. जास्त लागली तर खोडाला जखम होते, झाड गाठाळतं आणि मंडोर, म्हणजे मुकादम, शिव्या घालतो. बरोबर लागली की पांढरा थेंब उभा राहतो, मग धार होते आणि खाचेतून खालच्या वाटीत उतरते. ऊन चढलं की धार आटते, म्हणून अंधारातच सगळी झाडं उरकायची. सकाळ उलटली की वाट्या बादलीत रित्या करत परत फिरायचं, बादल्या कावडीने वजनाच्या जागी न्यायच्या. पाऊस पडला तर सालीवरून पाणी ओघळून चीक वाहून जातो. काम बंद, मजुरी बंद. पाट्टी सांगत होती, लहानपणी रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की आई उठून बसायची. झोप तर पावसात चांगली लागते, मग ही का उठते, हे तिला मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं.

राहायला मळ्याच्याच खोल्या, एका रांगेत बांधलेल्या. शेजारी मारियम्मनचं देऊळ, एक तमिळ शाळा, एक दवाखाना, एक ताडीचं दुकान. सगळं मळ्याच्या मालकीचं. नोकरी गेली की घर गेलं, शाळा गेली, देवही गेला. या माणसांना आणलं कंगाणीने. कंगाणी गावाकडे जाऊन, आगाऊ पैसे देऊन माणसं गोळा करून आणायचा. बीड-पाथर्डीच्या माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही. उचल आणि मुकादम हे शब्द ठेवले की झालं.

अशा मळ्यांच्या मुलखात संबंधन परतले तेव्हा मलायातल्या भारतीयांचं राजकारण शहरात होतं. १९४६ साली मलायन इंडियन काँग्रेस स्थापन झाली, आझाद हिंदच्या चळवळीतून आलेले जॉन थिवी तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्यानंतर बुधसिंग, मग रामनाथन, मग देवासर. वकील, व्यापारी, इंग्रजी बोलणारी मंडळी. त्यांचं लक्ष दिल्लीकडे. मळ्यावरचा तमिळ मजूर, जो मलायातल्या भारतीयांत संख्येने सर्वांत मोठा, त्याला या पक्षात जागा फारशी नव्हती. त्यात १९४८चा जून उजाडला. सुंगाई सिपुटजवळच्या मळ्यांवर कम्युनिस्ट बंडखोरांनी तीन युरोपीय मळेवाल्यांना गोळ्या घातल्या आणि मलायात आणीबाणी लागली. ती १९६०पर्यंत चालली. तो दिवस १६ जूनचा, संबंधन यांचा एकोणतिसावा वाढदिवस. मजूर दोन्हीकडून भरडला गेला. काटेरी तारांच्या आत वस्त्या हलल्या आणि कामगार संघटना मोडून पडल्या. ज्या माणसाने हे आपल्या गावात घडताना पाहिलं, तो पुढे राजकारणात इतका मवाळ का राहिला, याचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथेच सापडतं.

१९५५ साली ते पक्षाचे अध्यक्ष झाले. पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेल्या टुंकू अब्दुल रहमान यांच्या अलायन्समध्ये मलय लोकांचा अम्नो, चिन्यांचा एमसीए आणि भारतीयांचा हा पक्ष असे तिघे होते. जुलैच्या निवडणुकीत अलायन्सने ५२पैकी ५१ जागा घेतल्या आणि छत्तीस वर्षांचे संबंधन कामगारमंत्री झाले. मग आरोग्य, मग १९५९पासून दहा-बारा वर्षं सार्वजनिक बांधकाम, टपाल आणि दूरसंचार, शेवटी राष्ट्रीय ऐक्य. मंत्रिपदांची ही यादी मी एका वाक्यात आटोपतो, कारण त्यांची खरी कमाई तिच्यात नाही. पक्षात मात्र त्यांनी एक मोठी गोष्ट केली. शाखा मळ्यांवर नेल्या, सभा तमिळमध्ये घ्यायला लागले, मजुराला सभासद केलं. पक्ष तमिळांचा झाला, अशी कुरकुर उत्तर भारतीय आणि मल्याळी पुढाऱ्यांनी तेव्हा केली आणि ती खोटी नव्हती. पण ज्यांची संख्या जास्त त्यांच्याच भाषेत पक्षाने पहिल्यांदा बोलायचं ठरवलं, यात मला गैर काही दिसत नाही. या उद्योगात स्वतःच्या वडिलोपार्जित रबराच्या जमिनीचा मोठा हिस्सा त्यांनी विकून घातला. राजकारणात येऊन जमीन कमी झालेले पुढारी आपल्यालाही पूर्वी ठाऊक होते.

त्यांच्यावरचा सर्वांत जड आरोप १९५७च्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटींचा आहे. घटनेचा मसुदा करायला लॉर्ड रीड यांचं कमिशन आलं. त्यात भारताकडून अलाहाबाद हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक होते. अलायन्सच्या तिन्ही पक्षांनी मिळून एकच निवेदन द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी आपापसांत देवाणघेवाण झाली. बिगरमलय लोकांना स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माने नागरिकत्व मिळालं, आधीपासून राहणाऱ्यांना अर्ज करून ते मिळवायची वाट मिळाली. मलय लोकांचं विशेष स्थान घटनेत बसलं, आजचं ते १५३वं कलम. संबंधन यांनी फार सोडलं, हात जोडून घेतलं, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि त्यांच्या नातवंडांच्या पिढीतले शिकलेले तमिळ आजही म्हणतात. मी हे वाक्य ब्रिकफील्ड्सच्या चहाच्या टपरीवर कितीदा ऐकलं असेल. त्यांचा राग मला समजतो. विद्यापीठातल्या जागेसाठी, सरकारी नोकरीसाठी जो अडतो त्याला १९५७चा समंजसपणा कडूच लागणार. पण आकड्यांकडे पाहिलं की मी थबकतो. भारतीय म्हणजे लोकसंख्येत दहातला एक. त्यातही बहुतेक मजूर, मताचा अधिकार नसलेले, कुठल्याही राज्यात बहुमतात नाहीत. असा माणूस टेबलाशी बसतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं? संबंधन यांच्या हातात टुंकूंचा विश्वास होता. तेवढ्या भांडवलावर त्यांनी जे आणलं ते कमी होतं, हे मान्य करूनही मला ते मोलाचं वाटतं. ९ जुलै १९६३ रोजी लंडनमध्ये मलेशियाच्या करारावर मलायातर्फे ज्यांनी सह्या केल्या त्यांत त्यांची सही आहे. मलेशिया या देशाच्या जन्माच्या दाखल्यावर तमिळ माणसाची ती सही.

आणि आता पाट्टीच्या कागदाकडे येतो.

स्वातंत्र्य जवळ आलं तशी इंग्रज मळेवाल्यांना धास्ती वाटू लागली. काहींनी ठरवलं, भाव चांगला आहे तोवर विकून मोकळं व्हावं. घेणारे दलाल हजर होतेच. हजार एकरांचा मळा एकगठ्ठा विकत घ्यायचा, त्याचे पाच-दहा एकरांचे तुकडे पाडायचे आणि शहरातल्या शिंप्याला, दुकानदाराला, कारकुनाला एकेक तुकडा विकायचा. सुट्या तुकड्यांना एकरी भाव जास्त येतो. गुंठेवारी पाहिलेल्या मराठी माणसाला हे गणित तोंडपाठ आहे. मलायाच्या दप्तरात १०० एकरांच्या आतला तुकडा 'इस्टेट' म्हणून धरतच नाहीत. म्हणजे मळा गेला की मळ्याबरोबर मालकावर असलेली घरं, शाळा, दवाखाना यांची बांधिलकीही गेली. दहा एकरांचा नवा मालक कशाला शाळा चालवील? तो दोन माणसं कंत्राटावर लावतो आणि सुटतो. उरलेल्यांना खोल्या रिकाम्या करायला सांगतो. तमिळ मजूर याला 'तुंडाडल' म्हणत. तुंडू म्हणजे तुकडा. पाट्टीने तो शब्द उच्चारताना हाताची कड टेबलावर आपटून दाखवली, भाजी चिरावी तशी. शेजारचा मळा तुटला तेव्हा तिने पाहिलं होतं, देवळातली मारियम्मन लोकांनी घमेल्यात घालून डोक्यावर नेली. पुढे कुठे ठेवली, ते तिला माहीत नाही.

सरकारी पातळीवर चौकशी झाली. अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५१ ते १९६० या काळातल्या मळ्यांच्या तुकडे पाडण्याचा मोठा अभ्यास केला. पण जमीन हा विषय राज्यांचा, खाजगी विक्रीला कायद्याने आवरणं अवघड, आणि मंत्रिमंडळात ज्यांना हे विकणारे आणि घेणारे दोघेही जवळचे असेही लोक होते. कामगारांचा पुढारी दुसरा कुणी असता तर मोर्चा काढला असता. मोर्चा निघायलाही हवा होता, असं मला वाटतं. संबंधन यांनी मात्र विचारलं, मळा विकायलाच काढलाय ना? मग तो मजुरांनीच का घेऊ नये?

मे १९६०मध्ये राष्ट्रीय भूनिधी सहकारी संस्था नोंदली गेली. तमिळमध्ये 'देसिय निल निधी कूट्टुरवु संगम'. शेअर मलायाच्या १०० डॉलरचा. मजुराच्या बोलीत डॉलरला 'वेळ्ळि' म्हणतात, वेळ्ळि म्हणजे चांदी. आज रिंगिट आले तरी पाट्टी वेळ्ळिच म्हणते. एकदम शंभर वेळ्ळि कोण देणार? म्हणून हप्ता, महिना दहा वेळ्ळि. मजुरी तेव्हा दिवसाला तीनेक वेळ्ळि, तीही पाऊस नसेल तर. म्हणजे महिन्यातले तीन-साडेतीन दिवस नुसतं मळा विकत घेण्यासाठी राबायचं.

मंत्री स्वतः मळ्यामळ्यांवर हिंडले. बरोबर के. आर. सोमसुंदरम, ज्यांनी पुढे ही संस्था कित्येक वर्षं सांभाळली. दिवसभर बांधकाम खात्याच्या फायली पाहायच्या आणि संध्याकाळी कुठल्या तरी खोल्यांच्या रांगेपुढच्या अंगणात पेट्रोमॅक्सच्या उजेडात उभं राहून सांगायचं: आई, दहा वेळ्ळि दे. पाट्टी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिला भाषण आठवत नाही. पांढरे कपडे आठवतात आणि सभा संपल्यावर बाप चिडलेला आठवतो. पैसे बुडणार, हे सगळे असेच, असं तो म्हणाला. आई काही बोलली नाही. पुढच्या पगाराला ती परस्पर दहा वेळ्ळि भरून आली.

१९६१मध्ये संस्थेने केदाह राज्यातला बुकित सिदिम हा पहिला मळा घेतला. मग एकामागून एक घेत गेली. संबंधन गेले तोवर डझनाहून अधिक मळे आणि हजारो सभासद झाले होते. वेळ्ळि-वेळ्ळि जमवून घेतलेली ती संस्था आजही उभी आहे. क्वालालंपूरमध्ये तिच्या इमारतीला विस्मा तुन संबंथन म्हणतात.

हे वाचताना मला सारखे आमचे आजोबा दिसत होते. नगर जिल्ह्यात आमच्या घरी देवांच्या तसबिरींच्या ओळीत, विठोबाच्या शेजारी, साखर कारखान्याच्या शेअरचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं. आजीच्या पाटल्या मोडून घेतलेला तो शेअर. प्रवरेच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेअर गोळा करत होते, धनंजयराव गाडगीळ हिशेबाला आणि विचाराला पाठीशी होते, आणि १९५० सरता सरता पहिला गळीत हंगाम सुरू झाला, ही गोष्ट आमच्याकडे रामायणासारखी सांगितली जाते. मी ती ऐकतच वाढलो. दिवाळीला सभासदाची साखर घरी यायची तेव्हा आजोबा पोत्यावर हात ठेवून उभे राहायचे. संबंधन यांची गोष्ट कळली तेव्हा पहिल्यांदा अभिमानच वाटला. म्हटलं, अरे, हे तर आपलंच!

मग रात्री झोप येईना. कारण ते आपलं नव्हतं. आमच्या आजोबांकडे शेअर घेण्याआधी जमीन होती. ऊस त्यांचा, कारखाना त्यांचा. तो ऊस तोडायला येणाऱ्यांचा काय होता? दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून गाड्या यायच्या. आमच्या शिवाराच्या कडेला कोप्या पडायच्या. नवराबायकोच्या जोडीला आम्ही 'एक कोयता' म्हणायचो. दोन माणसांना एका हत्याराचं नाव! मीही म्हणायचो. पहाटे थंडीत उसाच्या फडात कोयत्याचे आवाज यायचे आणि मी गोधडीत कुस बदलायचो. त्यांची पोरं आमच्या शाळेत महिना-दोन महिने दिसायची, मग दिसायची नाहीत. सत्तर वर्षांच्या आमच्या सहकारात एका तरी कोयत्याला शेअर दिल्याचं मी आमच्या भागात पाहिलं नाही, आणि त्याहून लाजिरवाणं हे की तसा प्रश्न मला क्वालालंपूरला एका खानावळीत बसेपर्यंत पडलाही नव्हता. संबंधन स्वतः मळेवाल्याचा मुलगा. त्यांनी सहकार काढला तो मळेवाल्यांचा काढला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी सुरी ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी काढला.

संस्थेच्या मळ्यावरही पहाटेचा पेराट्टू चुकला नाही, हे सांगायला हवं. शेअर घेतला म्हणून पाट्टीच्या आईला कुणी ऑफिसात बसवलं नाही. पाऊस आला की मजुरी तिथेही बुडायची. तुंडाडल झालेल्या मळ्यांच्या तुलनेत वाचवता आले ते थोडेच, बाकीची माणसं शहराच्या कडेला झोपड्यांत गेली आणि त्यांच्या मुलांचे हाल मलेशियात आज सगळ्यांना माहीत आहेत. पण पाट्टी ज्या खोल्यांच्या रांगेत जन्मली तिथेच तिचं लग्न लागलं. तिची तमिळ शाळा राहिली, मारियम्मन जागेवर राहिली. तिच्या लेखी हा फार मोठा फरक होता.

१९६९च्या १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये दंगल पेटली, निवडणुकीनंतर तीनच दिवसांनी. संसद थांबली, उपपंतप्रधान तुन रझाक यांच्या हाती सत्ता देणारी राष्ट्रीय संचालन समिती आली. त्या समितीत भारतीयांतर्फे संबंधन होते. पुढची वर्षं मळ्यावरच्यांसाठी आणखी वाईट. नागरिकाला निळं ओळखपत्र, नुसत्या रहिवाशाला लाल. लाल कार्डवाल्याला आता कामासाठी परवाना लागू लागला. मलायात जन्म गेलेली, पण कागदाचं महत्त्व वेळेवर न कळलेली हजारो माणसं नागपट्टणमच्या बोटीत बसून कधी न पाहिलेल्या 'गावी' परतली. नागरिकत्वासाठी अर्ज भरा म्हणून पक्षाने पुरेसा जोर लावायला हवा होता. सत्तेत असून हे झालं, याचा दोष संबंधन यांच्याकडेही जातो. मी त्यांच्यावर प्रेमाने लिहितोय म्हणून हे झाकणार नाही.

१९७३ साली त्यांना पक्षाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. आतून माणिकवासगम यांच्या गटाचं बंड आणि वरून तुन रझाक यांचा शब्द. टुंकू सत्तेवरून गेले तसा संबंधन यांचा आधारही गेला होता. १९७४मध्ये सुंगाई सिपुटची जागा सामी वेल्लू यांच्याकडे गेली. ते २००८पर्यंत तिथून निवडून येत राहिले, पक्षाचे तीस वर्षं अध्यक्ष राहिले, बांधकाममंत्री राहिले. देशाच्या उत्तर-दक्षिण महामार्गाचं श्रेय लोक त्यांना देतात. त्यांच्या काळातही भारतीयांच्या घराघरातून शेअरचे पैसे गोळा झाले, 'मैका' नावाच्या कंपनीसाठी. ती भरभराटीला आली नाही, आणि तिचं नाव निघालं की पाट्टी नुसती मान हलवायची. २००८ साली त्याच सुंगाई सिपुटमध्ये गरिबांचे खटले अंगावर घेणाऱ्या डॉ. जयकुमार देवराज यांनी सामी वेल्लूंना हरवलं. तो सगळा वेगळा, लांबलचक विषय आहे.

संबंधन १८ मे १९७९ रोजी हृदयविकाराने गेले. साठी पूर्ण व्हायला महिना कमी होता.

मी एकदा आगगाडीने सुंगाई सिपुटला जाऊन आलो. इपोहच्या पुढे, चुनखडीचे डोंगर मागे पडले की येतं. दोन-चार रस्त्यांचं गाव. रबर फारसं उरलेलं नाही, सगळीकडे पामतेलाची झाडं आणि त्यांच्याखाली काम करणारी बांगलादेशी, इंडोनेशियन माणसं. गावाबाहेर एका जुन्या रबराच्या तुकड्यात मी मुद्दाम शिरलो. झाडांच्या खोडांवर उंचीपर्यंत जुन्या खाचांचे वण होते, एकाखाली एक, वहीच्या ओळींसारखे. बोट फिरवलं तर प्रत्येक ओळ हाताला लागत होती. एकेक ओळ म्हणजे कुणाची तरी एक पहाट.

परत आलो तेव्हा पाट्टीने विचारलं, काय पाहिलंस? मी झाडांबद्दल सांगितलं. ती ऐकून आत गेली आणि तेव्हाच तो डबा घेऊन आली. कागद पसरला, कोपरे दाबून धरले. तिला तमिळ वाचता येतं, मळ्यावरच्या शाळेत शिकलेली. पण नाव आणि रक्कम लिहिली होती ती इंग्रजीत, निळ्या शाईने, ती शाई आता जांभळट झालेली.

"वाच," ती म्हणाली.

मी तिच्या आईचं नाव वाचलं. मग बापाचं, मग मळ्याचं, मग आकडा. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. खानावळीत कुणीतरी बिल मागत होतं, मुलगा तिला हाक मारत होता, तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"परत," ती म्हणाली. "नुसतं नाव."